मानवी भूगोलाच्या मूळ संकल्पना : नागपूरच्या नकाशावर

पेंचकाठ

अकरावी-बारावीला भूगोल शिकवते. स्पर्धा परीक्षेची मुलंही अधूनमधून शंका घेऊन येतात. निरपेक्ष स्थान, सापेक्ष स्थान, कार्यात्मक प्रदेश, संभववाद... व्याख्या सगळ्यांच्या तोंडपाठ असतात. पण ‘नागपूर इथेच का वाढलं?’ असं विचारलं की वर्ग गप्प होतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण या विषयातली प्रत्येक संकल्पना ‘हे इथेच का?’ या एका प्रश्नातून निघाली आहे. म्हणून हा धागा काढतेय. पुस्तकातली उदाहरणं बाजूला ठेवू, आपलं शहर आणि आसपासचे जिल्हे घेऊ. प्रत्येकाने आपापल्या गावचं लिहावं.

सुरुवात स्थानापासून.

नागपूर साधारण २१° ९′ उत्तर अक्षांश आणि ७९° ५′ पूर्व रेखांशावर आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच. हे निरपेक्ष स्थान. देवगडच्या बख्त बुलंद शहाने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बारा गावं जोडून शहर वसवलं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे. सापेक्ष स्थान म्हणजे बाकीच्या जगाच्या हिशेबात आपण कुठे आहोत ते. ते मात्र या काळात पुन्हा पुन्हा पालटलं. गोंड राजासाठी ही सातपुडा उतरल्यावर लागणारी सपाट, पाण्याची जमीन होती. भोसल्यांच्या काळात हे पूर्वेला कटकपर्यंत पसरलेल्या राज्याचं मुख्य ठाणं झालं. १८५३ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केलं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी झालं. १८६७ मध्ये मुंबईकडून रेल्वे आली, पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने कलकत्त्याची बाजूही उघडली. १९०३ मध्ये वऱ्हाड या प्रांताला जोडला गेला. आणि १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचनेत आपण मुंबई राज्यात गेलो.

त्या दिवशी मोठ्या प्रांताची राजधानी असलेलं शहर दुसऱ्या एका राज्याच्या पूर्व कडेला जाऊन बसलं. जागा तसूभरही हलली नव्हती. मुंबई इथून आठशे किलोमीटरच्या वर. रायपूर, जबलपूर, भोपाळ, हैदराबाद ही चारही तिच्यापेक्षा जवळ. १९५३ चा नागपूर करार, दर हिवाळ्यातलं अधिवेशन, वेगळ्या विदर्भाची मागणी, या सगळ्याच्या मुळाशी सापेक्ष स्थानातला हा बदल आहे. ही संकल्पना दोन गुणांची नाही, तिच्यावर या भागातल्या माणसांच्या तीन पिढ्यांचं राजकारण उभं आहे.

आता स्थळ आणि स्थिती. शहराच्या पायाखालची जमीन म्हणजे स्थळ : नाग नदी, सीताबर्डीची जोडटेकडी, पश्चिमेला दख्खनचा काळा बेसाल्ट आणि पूर्वेला जुना नाईस खडक. हे दोन खडक आपल्या शहराच्या आसपास एकमेकांना भेटतात, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. शहराभोवतीच्या जगाशी असलेलं नातं म्हणजे स्थिती : कापसाचा मुलूख एका बाजूला, धानाचा दुसऱ्या बाजूला, कोळसा आणि मँगनीज हाताशी, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम रेल्वे दारातून जाणारी. स्थळ शहराला बसायला जागा देतं. त्याला मोठं करते ती स्थिती.

गड्डीगोदाम

मॅडम, छान धागा. पण नागपूर भारताच्या मध्यावर आहे म्हणून झिरो माईल इथे बसवला, असं आम्ही शाळेपासून ऐकत आलो. तो मुद्दा तुम्ही घेतलाच नाही?

पेंचकाठ

मुद्दाम घेतला नाही, कारण त्या दगडाचं खरं काम मला जास्त मोलाचं वाटतं. झिरो माईलचा स्तंभ त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या कामातला आहे. त्याच्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची फुटांत, दशांश चिन्हानंतर तीन आकड्यांपर्यंत कोरली आहे. इतर ठिकाणांच्या उंची मोजताना आधाराला धरायची ती खूण. शेजारच्या षट्कोनी दगडावर हैदराबाद, चांदा, रायपूर, जबलपूर, सिवनी, छिंदवाडा, बैतूल अशी नावं आणि त्यांचे मैल आहेत.

देशाचा मध्यबिंदू देशाच्या आकारावर अवलंबून असतो. १९४७ ला आकार बदलला, तसा मध्यही सरकला. आजच्या भारताचा मध्य म्हणून मध्य प्रदेशात कटनी जिल्ह्यातलं करौंदी गाव दाखवतात. आपल्या दगडाचं महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. त्याच्यावर कोरलेली गावं पुन्हा वाचा. त्यात मुंबई नाही, पुणं नाही. तो दगड बसवणाऱ्यांच्या डोक्यात नागपूरचा शेजार कोणता होता, हे त्या यादीत स्वच्छ दिसतं. सापेक्ष स्थान शिकवायला मी मुलांना तिथेच उभं करते.

वडसा_मंडई

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाचा. प्रदेशांच्या प्रकारांत आमची झाडीपट्टी कुठे बसवायची? सरकारी नकाशात हे नाव नाही. तालुका नाही, जिल्हा नाही. पण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत कोणालाही विचारा, आपण झाडीतले की नाही हे तो लगेच सांगेल. दिवाळीनंतर धान घरात आलं की गावोगावी मंडई भरते, रात्रभर नाटक चालतं. कंपन्यांची कार्यालयं आमच्या वडशात, तारखा इथूनच ठरतात. ब्रह्मपुरीकडचा शेतकरी आणि अर्जुनी मोरगावचा शेतकरी एकच नाटक बघतो, बोलीही जवळची. पण तोच माणूस आर्वीला गेला तर त्याला परमुलखात आल्यासारखं वाटतं.

पेंचकाठ

यापेक्षा चांगलं उदाहरण पुस्तकात मिळणार नाही.

प्रदेश तीन प्रकारे आखता येतो. पहिला औपचारिक : एखादा गुणधर्म सगळीकडे सारखा दिसतो तो. धान हे मुख्य पीक असलेले जिल्हे रंगवले की पूर्व विदर्भ एका रंगाचा होतो. दुसरा कार्यात्मक : एका केंद्राशी येण्याजाण्याने, खरेदी-विक्रीने बांधलेला. नागपूरच्या बाजाराला, दवाखान्यांना, कॉलेजांना जोडलेला सगळा भाग यात येतो, मग तो कोणत्याही राज्यात असो. तिसरा संवेदित प्रदेश : तो लोकांच्या मनात असतो, आणि मनात असतो म्हणून वागण्यात उतरतो. झाडीपट्टी हा तिसरा प्रकार. विशेष म्हणजे तुमच्या उदाहरणात तिन्ही एकमेकांवर येतात. धान हा समान गुणधर्म आहे, वडसा हे नाटकांचं केंद्र आहे आणि ‘आम्ही झाडीतले’ ही भावना आहे.

संवेदित प्रदेशाला रेघ नसते, हेही ध्यानात घ्या. झाडी कुठे संपते हे दोन माणसं दोन ठिकाणी सांगतील. तो दोष नव्हे, त्या प्रकाराचा स्वभावच तो. प्रशासनाला मात्र रेघ लागते, म्हणून विदर्भाचे नागपूर आणि अमरावती असे दोन विभाग झाले : सहा जिल्हे इकडे, पाच तिकडे. वर्धा आपल्या विभागात आहे, पण तिथला कापूस त्याला पश्चिमेशी जोडतो.

आणि मघाचे दोन खडक आठवा. पश्चिमेच्या बेसाल्टची काळी माती ओल धरून ठेवते, तिथे कापूस, पूर्वी ज्वारी, आता सोयाबीन. पूर्वेकडे जाल तसा पाऊस वाढतो, खडक बदलतो, धान सुरू होतं. म्हणून नागपूरच्या घरांत पोळीही आहे आणि भातही.

अजनी_एमपीएससी

मॅडम, म्हणजे पीक निसर्गाने ठरवलं. हा निसर्गवादच झाला ना? मग संभववाद कुठे आला?

पेंचकाठ

योग्य जागी अडवलंत.

निसर्गवाद म्हणतो, परिस्थिती माणसाला घडवते. जर्मन भूगोलज्ञ रॅट्झेल यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. फ्रान्सचे विदाल द ला ब्लाश यांनी दुसरी बाजू मांडली : निसर्ग शक्यता समोर ठेवतो, त्यातली कोणती उचलायची ते माणसाचं ज्ञान, सवयी आणि समाजरचना ठरवते. तोच संभववाद.

आता भंडारा-गोंदियाकडे चला. पाऊस चांगला, पण सगळा चार महिन्यांत. धानाला तर बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरात, पाणी उभं लागतं, आणि सप्टेंबरात पावसाने ओढ दिली की लोंबी पोचट राहते. एवढ्यावरून ‘इथे धान बेभरवशाचं’ असा निष्कर्ष निघाला असता. कोहळी समाजातल्या जाणत्यांनी जमिनीचा हलका उतार ओळखला, योग्य जागी मातीची पाळ घातली आणि तलावांची माळ उभी केली. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात, तिथून पाटाने बांधीत. नवेगाव बांध हे त्यातलं मोठं नाव, पण गावागावातले छोटे तलाव हेच खरं काम. निसर्गाने उतार आणि पाऊस दिला. पाळ कुठे घालायची हे माणसाने शोधलं. तोच पाऊस आणि तसाच उतार असलेले भाग जगात इतरही आहेत, तिथे तलाव झालेच असं नाही.

गोष्ट इथे थांबत नाही. हे तलाव मालगुजारांच्या, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या ताब्यात होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, म्हणून माजी मालगुजारी, लोकांच्या तोंडी मामा तलाव. गाळ काढायचा कोणी, पाळ दुरुस्त करायची कोणी, पाणी वाटायचं कोणी, ही जुनी व्यवस्था मोडली आणि तिच्या जागी तेवढी जिवंत व्यवस्था आली नाही. अनेक तलाव गाळाने उथळ झाले. पाऊस बदलला नव्हता, उतार बदलला नव्हता. बदलली ती समाजाची मांडणी. संभववादाचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

शहरातलं उदाहरण हवं असेल तर कुलर घ्या. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. आपला उन्हाळा कोरडा, म्हणून खसाच्या किंवा लाकडी भुशाच्या ताटीवरून येणारी हवा गार होते. तोच कुलर मुंबईच्या दमट हवेत लावला तर खोली नुसती चिकट होते. हवेने शक्यता दिली, आपण ती उचलली.

तिसरी भूमिका ग्रिफिथ टेलर यांची, ‘थांबा आणि जा’. चौकातल्या सिग्नलसारखं माणूस वेग कमी-जास्त करू शकतो, थांबू शकतो, पण रस्त्याची दिशा निसर्गाने आखलेली असते. निसर्गाची मर्यादा आली की थांबायचं.

काटोलचा_बगीचा

मॅडम, ते थांबायचं आमच्या इकडे कोनी ऐकत नाही. संत्र्याचं झाड लावलं का पंधरा-वीस वर्षाचा संसार असते. उन्हाळ्यात विहीर आटली तर झाड वाळते, अन् झाड वाळलं का सगळंच गेलं. मंग बाजूच्यानं बोअर खोल केला का आपल्यालेही खोल करा लागते. वरुड-मोर्शीकडे तर विचारूच नका. थांबा कोनं म्हनावं अन् कोनी थांबावं?

दुसरं एक विचारतो. माह्या पोरीच्या पुस्तकात ते शहराभोवतीच्या गोल पट्ट्यायचं चित्र हाये. शहराजवळ भाजीपाला-दूध, मंग जंगल, मंग धान्य. आमचा संत्रा कोनत्या पट्ट्यात बसते? मृग बहाराचा माल फेब्रुवारी-मार्चात निंघते, व्यापारी बगीचा झाडावरच मागते. कॅरेट भरून कळमन्याले जाते, नाहीतर ट्रक सरळ दिल्लीले, नाहीतर बांगलादेशाच्या बॉर्डरवर. तिकडं आयात शुल्क वाढवलं का इकडं भाव पडते. नागपूर त मधात येतच नाही.

पेंचकाठ

भाऊ, तुमचे दोन्ही प्रश्न फार मोलाचे आहेत.

पहिल्याबद्दल. एकट्या शेतकऱ्याने थांबून भागत नाही, कारण जमिनीखालचं पाणी सगळ्यांचं एकच आहे. एकाने थांबावं आणि दुसऱ्याने उपसावं, असं झालं की थांबणाऱ्याचं नुकसान. टेलर यांनी मांडला तो निसर्ग आणि माणूस यांच्यातला प्रश्न. तुम्ही सांगताय तो माणसा-माणसांतला आहे, आणि भूजलाचं व्यवस्थापन तिथेच अडतं. मामा तलावाला पाणी वाटण्याची पद्धत होती, बोअरला नाही.

दुसऱ्याबद्दल. ते चित्र फॉन थ्यूनेन यांचं, १८२६ मधलं. ते स्वतः उत्तर जर्मनीत शेती करायचे, हिशेबाच्या वह्या ठेवायचे. त्यांनी विचारलं : एकच शहर, सगळीकडे सारखी जमीन, माल बैलगाडीने न्यायचा, तर कुठे काय पिकवणं परवडेल? लवकर नासणारं आणि वाहायला महाग असलेलं शहराजवळ, धान्य त्याच्या पलीकडे, गुरं चारणं सगळ्यात लांब. लाकूड जड आणि रोजच्या सरपणाचं, म्हणून जंगलाचा पट्टा दुसऱ्याच क्रमांकाला. आपल्याकडे भाजी आणि दूध अजूनही बऱ्यापैकी त्या चित्राप्रमाणे आहे : सकाळी कॉटन मार्केटला किंवा कळमन्याला येणारी पालेभाजी जवळपासच्या गावांतली असते.

संत्रा मात्र त्या पट्ट्यांत बसत नाही, आणि का बसत नाही हे शोधणं म्हणजेच मॉडेल समजणं. ‘सारखी जमीन’ हे गृहीतक मोडतं, कारण संत्र्याला काटोल, नरखेड, वरुड, मोर्शीची निचऱ्याची जमीन मानवते. ‘एकच शहर’ मोडतं, कारण तुमचा बाजार दिल्ली आणि ढाका आहे. ‘बैलगाडी’ तर रेल्वे आली तेव्हाच मोडली. आणि थ्यूनेन यांच्या कल्पनेतल्या एकाकी राज्याला सीमेवर शुल्क लावणारा शेजारी नव्हता, तुम्हाला आहे. तुमच्या लेकीला सांगा, परीक्षेत पट्टे काढून झाले की ही चार वाक्यं खाली लिही.

खापरखेडा_युनिट

उद्योगांचंही लिहा ना मॅडम. एम्प्रेस मिल नागपुरात का आली असेल?

पेंचकाठ

जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. गिरण्या तेव्हा मुंबईत निघत होत्या, ते मात्र इकडे आले : कापूस जवळ, कोळसा जवळ, जागा मोकळी, रेल्वे आलेली.

उद्योग कुठे बसतात याचा सिद्धांत मांडणाऱ्या वेबर यांनी १९०९ मध्ये कच्च्या मालाचे दोन प्रकार केले : वजन न घटणारा आणि वजन घटणारा. कापसाचं सूत होताना वजन फारसं घटत नाही, म्हणून गिरणी कापसाजवळ काढा की बाजाराजवळ, वाहतुकीत फार फरक पडत नाही. त्यामुळे मुंबईही चालली आणि नागपूरही. कोळशाचं उलट आहे. तो जळून राख उरते, मग तो लांब नेण्यापेक्षा खाणीजवळ वीज करून तारेने पाठवणं स्वस्त. तुमचं खापरखेडा आणि शेजारचं कोराडी तिथे आहेत ते त्यामुळे. कोळसा, कन्हानचं पाणी, आणि वीज घेणारं शहर हाकेच्या अंतरावर.

इतवारी_ठोक

आमचं घराणं इतवारीत किराण्याच्या ठोक व्यापारात. वडील सांगायचे, पूर्वी बालाघाट, सिवनी, राजनांदगावचे दुकानदार स्वतः माल भरायला यायचे, मुक्काम करायचे. आता फोनवर ऑर्डर आणि ट्रान्सपोर्टची चिठ्ठी. याला भूगोलात काही नाव आहे का?

पेंचकाठ

आहे, आणि ते समजायला इतवारी ही उत्तम जागा.

वाल्टर क्रिस्टालर यांनी १९३३ मध्ये दक्षिण जर्मनीतल्या वस्त्यांवरून मध्यवर्ती स्थानाचा सिद्धांत मांडला. दोन गोष्टी नीट वेगळ्या ठेवा, परीक्षेत मुलं इथेच गोंधळतात. दुकान तगायला किमान किती गिऱ्हाईक लागतं, तो त्याचा उंबरठा. गिऱ्हाईक त्या वस्तूसाठी जास्तीत जास्त किती लांबून येईल, तो तिचा पल्ला. मीठ-तेलाचा उंबरठा छोटा, पल्लाही छोटा, म्हणून गावात दुकान. हृदयाच्या शस्त्रक्रियेचा उंबरठा प्रचंड, पण पल्लाही मोठा, म्हणून बैतूल-छिंदवाड्याचा पेशंट नागपूरला येतो. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या आवारात झाडाखाली डबे उघडून बसलेले नातेवाईक कोणकोणती बोली बोलतात ते ऐकलं, तर नागपूरच्या पल्ल्याचा नकाशा कानांनी काढता येतो.

उंबरठा पल्ल्यापेक्षा मोठा झाला तर? म्हणजे जेवढ्या लांबून लोक येतील, तेवढ्यांनी दुकान तगत नसेल तर? मग दुकानच फिरतं. आठवडी बाजार त्यातून आला. विक्रेता सोमवारी एका गावी, मंगळवारी दुसऱ्या. पाच-सहा गावांचं गिऱ्हाईक मिळून त्याचा उंबरठा भरतो, आणि कोणालाही फार चालावं लागत नाही. आपल्या शहरात इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी हे भाग आहेत. लोकसंख्या वाढली, रोजचा उंबरठा भरू लागला, बाजार कायमचे झाले.

तुमच्या वडिलांनी सांगितलं त्याचं नाव काळ-अवकाश संकोच. राजनांदगावचं अंतर तेवढंच आहे, ते पार करायचा वेळ आणि खर्च घटला. समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर हाही तोच प्रकार. पण हा संकोच सगळ्यांसाठी सारखा नसतो. ज्याच्याकडे गाडी आहे त्याची मुंबई जवळ आली. महामार्गाच्या कुंपणापलीकडे ज्याचं शेत राहिलं, त्याला स्वतःच्याच शेतात जायला वळसा पडू शकतो.

उमरेड_ते_हिंजवडी

माझा जन्म उमरेडचा, शिक्षण नागपूरला, लग्न होऊन वर्ध्याला आणि आता नवऱ्याच्या आणि माझ्या नोकरीमुळे पुण्यात. मला स्थलांतरित म्हणायचं का? इथे आमच्या सोसायटीत इतके नागपूरकर आहेत की रविवारी तर्री पोहे मिळायला लागलेत.

पेंचकाठ

ताई, जनगणनेच्या हिशेबात तुम्ही नक्कीच स्थलांतरित. तिथे जन्मस्थान आणि आधीचं राहण्याचं ठिकाण, दोन्ही विचारतात. भारतात देशांतर्गत स्थलांतराचं सगळ्यात मोठं कारण नोकरी नाही, लग्न आहे, आणि त्यात जवळजवळ सगळ्या स्त्रिया. वर्गात स्थलांतर म्हटलं की मुलं बॅग घेऊन चाललेला पुरुष काढतात. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली आई त्यांना त्यात दिसत नाही, ते मी दरवर्षी मुद्दाम दाखवते.

रॅव्हेनस्टाइन यांनी १८८५ मध्ये इंग्लंडच्या जनगणनेवरून नियम काढले. बहुतेक स्थलांतर जवळच्या अंतराचं असतं, ते टप्प्याटप्प्याने होतं, जवळच्या अंतरात स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त असतात, आणि प्रत्येक ओघाला उलटा ओघ असतो. उमरेड, नागपूर, वर्धा, पुणे : तुम्ही हे नियम जगलात. एक बारीक गंमतही सांगते. पहिल्या बाळंतपणाला मुली माहेरी येतात. ते बाळ दोन-तीन महिन्यांत वडिलांच्या गावी जातं आणि जन्मस्थानाच्या रकान्यात आयुष्यभर स्थलांतरित राहतं. आकडेवारी वाचताना अशा गोष्टी माहीत असाव्या लागतात.

तर्री पोह्यांचं म्हणाल तर ते स्थानांतर प्रसरण : माणूस हलला, बरोबर सवय गेली. सोयाबीन विदर्भात पसरलं ते वेगळ्या रीतीने, शेतकरी जागच्या जागी होते आणि एकाचं बघून दुसऱ्याने पेरलं. ते संसर्गी प्रसरण.

आपलं शहरही असंच भरलंय. मोमीनपुऱ्यात उत्तरेकडून आलेले विणकर, जरीपटक्यात फाळणीनंतर आलेले सिंधी, रेल्वेबरोबर बंगाली, बांधकामांवर छत्तीसगडी मजूर. ढकलणारी कारणं वेगळी, ओढणारं शहर एकच.

अजनी_एमपीएससी

लोकसंख्येच्या घनतेत एक शंका. २०११ ला गडचिरोलीची घनता ७४, नागपूर जिल्ह्याची ४७०. मग गडचिरोलीत जमिनीवर ताण नाही असं लिहायचं का?

पेंचकाठ

नाही. ७४ ही अंकगणिती घनता, एकूण लोकसंख्या भागिले एकूण क्षेत्र. गडचिरोलीचं बहुतांश क्षेत्र जंगल आहे. फक्त लागवडीच्या जमिनीने भागलंत तर शारीरिक घनता मिळते आणि ती कितीतरी वर जाते. नागपूर जिल्ह्याचंही तसंच, ४७० मध्ये अर्ध्याहून जास्त माणसं महानगरपालिकेच्या हद्दीतली. सरासरी कोणत्या सीमेच्या आत काढली हे आधी विचारायचं.

सौसरवाला

आमचं सौसर मध्य प्रदेशात. घरात मराठी, शाळा हिंदीत, दवाखाना आणि लग्नाची खरेदी नागपूरला, सातबाऱ्यासारखी कागदपत्रं मात्र २०२३ पर्यंत छिंदवाड्याकडे, आता नव्या पांढुर्णा जिल्ह्याकडे. आम्ही नक्की कुठले?

पेंचकाठ

कार्यात्मक प्रदेश नागपूरचा, प्रशासकीय मध्य प्रदेशचा, भाषेचा तिसराच. तिन्ही उत्तरं खरी आहेत. १९५६ ची रेघ भाषेच्या आधारावर ओढली, पण भाषा रेघेवर येऊन थांबत नसते.

नागपूरचा प्रदेश कुठे संपतो, याचा अंदाज आकड्यांतही घेता येतो. रायली यांनी १९३१ मध्ये किरकोळ बाजाराच्या ओढीचा नियम मांडला, त्यावरून दोन शहरांमधला विभाजनबिंदू निघतो. दोन शहरांमधलं अंतर घ्या. मोठ्या शहराच्या लोकसंख्येला छोट्याच्या लोकसंख्येने भागून वर्गमूळ काढा, त्यात एक मिळवा, आणि त्याने अंतराला भागा. छोट्या शहरापासून बिंदू किती लांब ते मिळतं. २०११ ला नागपूर २४.०५ लाख, अमरावती ६.४७ लाख, रस्त्याने अंतर साधारण १५५ किलोमीटर. वर्गमूळ १.९३ येतं, बिंदू अमरावतीपासून सुमारे ५३ किलोमीटरवर. म्हणजे तळेगाव श्यामजीपंतच्या आसपास. तिकडचं कोणी आहे का धाग्यावर?

तिवसा_मोझरी

मी तिवशाचा, तळेगावच्या थोडं अलीकडे, अमरावतीच्या बाजूला. आम्ही कपडे, दवाखाना, कॉलेज सगळ्याला अमरावतीच. मोठं ऑपरेशन असलं तर नागपूर. तळेगावचे लोक मात्र नागपूरलाही जातात आणि वर्ध्यालाही. गणित बरोबर दिसतंय!

पेंचकाठ

बिंदू जुळला, पण कारण पूर्ण जुळलं असं लगेच लिहू नका. तिवसा अमरावती जिल्ह्यात आहे आणि तळेगाव वर्धा जिल्ह्यात. जिल्हा कचेरीची कामं आणि एसटीच्या फेऱ्या त्या सीमेप्रमाणे वळतात, आणि रायली यांच्या सूत्रात जिल्ह्याची सीमा नाही. ‘मोठं ऑपरेशन असलं तर नागपूर’ हे तुमचं वाक्य तर क्रिस्टालर यांचं : एकाच गावाचा पल्ला वस्तूप्रमाणे बदलतो.

ज्यांना प्रकल्प करायचाय त्यांनी एसटी स्टँडवर जाऊन वेळापत्रक उतरवून घ्या. इंग्लंडमध्ये ग्रीन यांनी १९५० मध्ये बसच्या फेऱ्यांवरूनच शहरांचे प्रदेश आखले होते. तळेगावहून नागपूरकडे दिवसाला किती गाड्या, अमरावतीकडे किती, वर्ध्याकडे किती. मग तेच तिवशाहून, तेच कारंजा घाडगेहून. आकडे इथे टाका, नकाशा मी काढून देते. वडसावाले आणि सौसरवाले भाऊ, तुमच्याही स्टँडचे हवेत.